पन्हाळ्यावरील जुन्या बंगल्यात निवास-न्याहारीची सोय करताना

कोल्हापुरात व्हिक्टोरियाकालीन बांधकामाचा विषय निघाला की १८८४ साली पूर्ण झालेला, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याचा नवा राजवाडाच आठवतो. त्या काळातील उतरत्या कौलांचा, रुंद व्हरांड्याचा आणि जांभ्याच्या जाड भिंतींचा एखादा बंगला पन्हाळ्यावर आपल्या घराण्यात असेल, तर पाहुण्यांसाठी गाद्या-पलंग घेण्यापूर्वी एक अख्खा पावसाळा ते घर नीट पाहावे.

आषाढात भिंतीवर उमटणारी ओल वरून खाली उतरत असेल, तर फुटलेले कौल, कुजलेला वासा किंवा तुंबलेली पन्हळ शोधावी; ती जोत्याकडून वर चढत असेल, तर भिंतीलगत साचलेली माती आणि फुलझाडांचे वाफे काढून पाण्याला बाहेर वाट करून द्यावी. या दोन्हींवर एकच उपाय चालत नाही.

गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक करावी. पोकळ आवाज येईल तेथील गिलावा सुटला आहे, असे समजून तेवढाच भाग काढावा. सिमेंटचा हात फिरवण्याचा आग्रह बहुतेक गवंडी धरतात. तो कदापि मानू नये. चुन्याच्या भिंतीतील दमटपणा पृष्ठभागावरून उडून जातो, सिमेंट मात्र तो आत कोंडते, त्यामुळे लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, लागतो आणि अखेर जांभाही झिजू लागतो. नीट विरवून मुरवलेला चुना वापरावा, दिवाळीनंतर काम काढावे आणि नवा गिलावा ओल्या पोत्यांनी झाकून सावकाश वाळू द्यावा.

पन्हाळगडावर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी यांसारखी संरक्षित स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणासाठीच्या १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. या क्षेत्रांत दुरुस्तीलाही पूर्वपरवानगी लागते. गडाचा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे, तेव्हा एकही कौल उतरवण्यापूर्वी मोजणीचा नकाशा हाती असावा.

न्हाणीघर जुन्या खोलीच्या पोटात बसवण्यापेक्षा मागच्या पडवीत काढावे आणि नळ भिंत न फोडता बाहेरून न्यावेत, म्हणजे गळती लगेच दिसते. कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत.

पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करावी, अन्नसुरक्षेची नोंदणी घ्यावी आणि परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत विहित पद्धतीने कळवावी.

न्याहारीला पाव-जॅम ठेवणे सोपे आहे, पण माझ्या मते पन्हाळ्याच्या गारठ्यात तव्यावरून थेट ताटात आलेले थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा आणि सोबत घट्ट दही हीच खरी न्याहारी. तिखट किती चालते, हे आदल्या रात्रीच विचारून घ्यावे आणि खर्डा नेहमी वेगळ्या वाटीत द्यावा.