सोसायटीची निवडणूक घेताय? मतपत्रिकेच्या या चुका टाळा

गुप्त मतदान म्हटलं की सोसायटीत सगळ्यात आधी पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहतो. आडोसा लावला, पेटीला कुलूप घातलं, की गुप्ततेची काळजी मिटली असं लोक धरून चालतात. पण कुणी कुणाला मत दिलं हे उघड होतं ते बहुतेक वेळा मतदान संपल्यावर, सह्यांचा तक्ता आणि मतपत्रिका असे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले की. आणि इथे हरलेला उमेदवार तुमच्याच जिन्यात राहतो, जिंकलेल्याच्या हातात तुमच्या लीकेजची तक्रार आणि पार्किंगची जागा असते. त्यामुळे या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

मतपत्रिकेवर नंबर टाकणं

250 पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आता कमिटीची निवडणूक स्वतः घेता येते. सोय चांगलीच आहे. पण मग मतपत्रिका छापण्याचं काम एखाद्या उत्साही सभासदाकडे जातं आणि बनावट पत्रिका येऊ नयेत म्हणून तो प्रत्येकीवर 1, 2, 3 असे आकडे घालतो. मतदार येतील त्या क्रमाने तक्त्यावर सही करतात आणि त्याच क्रमाने गठ्ठ्यातली वरची पत्रिका त्यांना मिळते. म्हणजे सतरावी सही ज्याची, 17 नंबरची पत्रिकाही त्याचीच.

एका सोसायटीत मी मोजणीला होतो. मतदान सुरू होण्याआधी हे दाखवून दिलं, तर उत्तर मिळालं, "एवढं कोण बघत बसतंय? उरकून टाकू." निकाल अगदी थोडक्या मतांनी लागला. हरलेल्या पॅनेलने फेरमोजणी मागितली, ती मागणी रास्तच होती. पण फेरमोजणीच्या वेळी त्यांचा माणूस पत्रिकांचे नंबर वहीत उतरवून घेत होता आणि सह्यांच्या तक्त्याचा फोटो त्याच्याकडे आधीच होता. काही दिवसांतच एका वयस्कर बाईंना जिन्यात अडवून विचारलं गेलं, "काकू, तुम्ही आमच्या घरच्यासारख्या, आणि मत तिकडे?" त्या बाई पुढच्या निवडणुकीत मत द्यायला खाली उतरल्याच नाहीत. ज्यांनी "कोण बघतंय" म्हटलं होतं, त्यांच्यापैकी कुणीही त्यांच्या दारात गेलं नाही. मला याचा राग अजून आहे.

सरकारी मतपत्रिकेवरही नंबर असतो, हा युक्तिवाद मला हमखास ऐकवला जातो. असतो. पण तिथे मोजणीनंतर पत्रिका सीलबंद होतात आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत. तुमच्याकडे त्या सेक्रेटरीच्या कपाटात, सह्यांच्या तक्त्यालाच टेकून पडलेल्या असतात.

मी पत्रिकेवर नंबर घालूच देत नाही. मागच्या बाजूला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही असली की पुरे. नंबर हवाच असेल तर तो फाडून ठेवायच्या स्थळप्रतीवर. पत्रिका पत्त्यांसारख्या पिसून टेबलावर पालथ्या पसरायच्या आणि मतदाराला हवी ती उचलू द्यायची. छापल्या किती, वाटल्या किती, उरल्या किती हा हिशेब नीट ठेवला की बनावट पत्रिका तशीही लपत नाही.

विंगवार मोजणी

तीन विंग, तीन पेट्या, तीन टेबलं, मोजणी पटापट. घाई असलेल्यांना ही युक्ती फार आवडते. आता सी विंगमध्ये आठच फ्लॅट आहेत आणि आठही मतं एकाच पॅनेलला पडली, तर आठही जणांचं मत जाहीर झालं की! मोठ्या निवडणुकांतही ही अडचण आहे. कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली हे कळतं, म्हणून निवडणूक आयोगाने 2008 मध्ये अनेक मतदान यंत्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव दिला होता. तुम्हाला तर यंत्रही लागत नाही. सगळ्या पेट्या एकाच टेबलावर रिकाम्या करा, हातांनी नीट मिसळा, मगच पहिली घडी उघडा. अर्धा तास जास्त लागेल. लागू दे.

गूगल फॉर्म आणि व्हॉट्सअ‍ॅप पोल

व्हॉट्सअ‍ॅप पोलमध्ये कुणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. सहलीची तारीख ठरवायला तो ठीक आहे. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणं बंद केलं तरी प्रत्येक उत्तराची वेळ शीटमध्ये नोंदली जाते. "काका, आत्ताच भरलं हं," असा मेसेज ग्रुपवर आला की ओळ सापडलीच. कमिटीच्या निवडणुकीला कागदच वापरा.

बाकीच्या चुका

पत्रिकेवर फ्लॅट नंबर लिहायला लावणं: मतदाराची ओळख पटेल अशी खूण असलेली पत्रिका विधानसभेलाही बाद होते.

ज्याचं त्याचं पेन: सगळ्यांना एकाच शाईचं पेन द्या, आडोशामागे बांधूनच ठेवा.

पातळ कागद: घडी घातल्यावरही खूण मागून दिसते. आधी एक पत्रिका उजेडात धरून पाहा.

मोबाइल आत नेणं: "फोटो काढून दाखव" असा दबाव यातूनच येतो. टोपली ठेवा, फोन बाहेरच राहू द्या.

नवरा-बायको मिळून आत: एका फ्लॅटचं मत एक, ते देणारी व्यक्ती एकटीच जाईल. ज्यांना दिसत नाही त्यांनी आपल्या विश्वासाचा सोबती निवडावा, मात्र तो उमेदवार नको.

उमेदवार पेटीजवळ खुर्ची टाकून बसणं: उठवा. चेअरमन असले तरी उठवा.

जिथे गुप्तता नाही तिथे ती मागणं

पुनर्विकासाच्या सभेत "गुप्त मतदान घ्या" अशी ओरड होते. कमिटीची निवडणूक आणि पुनर्विकासाची संमती या वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातल्या कलम 79(अ) खालच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला सभासदांची लेखी संमती लागते आणि सभेचं चित्रीकरणही होतं. तिथे नाव दिसणं अपेक्षितच आहे. सभेआधी सभासदांना हे स्पष्ट सांगा.

मोजणीनंतरचा ढिलेपणा

निकाल लागला की सगळे पेढ्यांकडे वळतात आणि पत्रिका टेबलावरच राहतात. त्या तिथल्या तिथे पाकिटात घालून लाखेने किंवा चिकटपट्टीने बंद करा, जोडावर दोन्ही पॅनेलच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्या. सह्यांचा तक्ता आणि स्थळप्रती दुसऱ्या पाकिटात. ही दोन पाकिटं एका कपाटात ठेवू नका आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच माणसाकडे देऊ नका.