पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा लिनक्स मिंट कसं सांभाळावं

मृग लागला की कोकणात नारळाची झावळ तारेवर पडायला एक सोसाट्याचा वारा पुरतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत बरेच दिवस अंधार होता. एवढी मोठी आपत्ती रोज येत नाही, पण पाच मिनिटं लाइट जाणं रोजचंच आहे, आणि संगणकाचं जास्त नुकसान त्यातच होतं. म्हणून संगणकावर लिनक्स मिंट (विंडोजसारखी, संगणक चालवणारी प्रणाली) असेल, तर पुढच्या गोष्टी मे महिन्यातच करून ठेवा.

सगळ्यात धोक्याची वेळ अपडेटची. पॅकेज (प्रोग्रॅमचं गाठोडं) उघडून फाइली जागेवर ठेवणं चालू असताना वीज गेली, तर अर्धी प्रणाली नवी आणि अर्धी जुनी राहते. आपल्याकडचं मोबाइल नेट रडत चालतं, त्यामुळे उतरवणं आणि बसवणं मिळून तास-दीड तास जातो. ही दोन कामं वेगळी करा. मिंटमध्ये सिनॅप्टिक हा पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्रॅम आधीच असतो. तो उघडून ‘रीलोड’, मग ‘मार्क ऑल अपग्रेड्स’, मग ‘अप्लाय’ दाबा. समोर येणाऱ्या यादीच्या खिडकीत ‘डाउनलोड पॅकेज फाइल्स ओन्ली’ या चौकोनात खूण करा. फाइली रात्रभर उतरू देत. मध्येच नेट तुटलं तरी हरकत नाही, उतरलेल्या फाइली डिस्कवरच राहतात. सकाळी बॅटरी भरलेली असताना ती खूण न करता पुन्हा ‘अप्लाय’ करा, आता फक्त बसवण्याचं काम उरतं.

बसवण्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने एक स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीची आहे तशी प्रत, घ्या. बाहेरच्या डिस्कवर घेणार असाल तर ती ईएक्सटी४मध्ये (लिनक्सची फाइली ठेवण्याची पद्धत) फॉरमॅट केलेली हवी, विंडोजची एनटीएफएस डिस्क चालत नाही. टाइमशिफ्ट फक्त प्रणाली जपतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं नाहीत. त्यांची प्रत वेगळी काढावीच लागते.

आता लॅपटॉपची बॅटरी. जुनी बॅटरी १० टक्के दाखवते आणि पुढच्याच क्षणी मान टाकते. मिंट मात्र काही करायला मुळात २ टक्क्यांपर्यंत थांबतं, म्हणजे फार उशीर. फाइल मॅनेजरमध्ये ‘ईटीसी’ फोल्डर गाठा, त्यातल्या ‘यूपॉवर’ फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘ओपन ॲज रूट’ करा आणि ‘यूपॉवर डॉट कॉन्फ’ फाइल उघडा. तिच्यात टक्क्यांच्या तीन ओळी आहेत: लो, क्रिटिकल, ॲक्शन. त्या अनुक्रमे ३०, २० आणि १५ करा. आकडे उतरत्या क्रमानेच हवेत. क्रम चुकला तर तिन्ही बदल गुपचूप बाजूला पडतात आणि मूळ आकडे लागू होतात, बहुतेकांचं इथेच अडतं. खालच्या ‘क्रिटिकलपॉवरॲक्शन’समोर ‘पॉवरऑफ’ लिहा, जतन करा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मग पॉवर मॅनेजमेंटमध्येही बॅटरी अगदी संपत आल्यावर बंद व्हावं, असंच निवडा. झोपवून ठेवलेला लॅपटॉप सुरक्षित नसतो: उघडं काम रॅममध्ये असतं आणि बॅटरी संपली की तेही जातं.

डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरची कळ ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते पाहा. दुसऱ्या मोडवर वीज बदलायला जरा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो.

पेनड्राइव्हवर कॉपी केल्यावर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढू नका. खिडकी बंद झाली तरी बराच मजकूर अजून रॅममध्येच असतो.

एवढं करूनही लाइट गेली आणि मशीन नीट उठलं नाही, तर घाबरून नव्याने सगळं बसवायला घेऊ नका. ईएक्सटी४ आपल्या बदलांची नोंदवही ठेवतं आणि पुढच्या वेळी सुरू होताना तिच्यावरून स्वतःला सावरतं. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर सुरू होताना एस्केप कळ दाबा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा), ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून रिकव्हरी मोड निवडा. आधी ‘एफएससीके’ (डिस्कवरची फाइलींची मांडणी तपासणारा पर्याय) चालवा, मग ‘डीपीकेजी’. दुसरा पर्याय अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करतो, आणि फाइली आधी उतरवलेल्या असतील तर त्याला नेट कमी लागतं.

प्रणाली सुरू न होता पडदा काळा होऊन ‘इनिट्रामएफएस’ लिहिलेल्या ओळीवर थांबला, तर वर डिस्कच्या कोणत्या विभाजनात (भागात) बिघाड आहे ते लिहिलेलं असतं. पण त्या विभाजनाची ‘एफएससीके’ तपासणी चालवण्याआधी डिस्कचा आवाज ऐका. टकटक येत असेल तर काहीही दुरुस्त करू नका. मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून आधी होम फोल्डर दुसऱ्या डिस्कवर काढा, मग ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तिच्या तब्येतीची, माहिती उघडा. ‘रीअलोकेटेड सेक्टर काउंट’चा (खराब झाल्याने बदललेल्या जागांचा) आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर ती डिस्क बदलायचीच.