बदनाम ‘ई.टी.’ आज खेळून कसा पारखावा

जगातला सर्वांत वाईट व्हिडिओ गेम कोणता, असं विचारलं की अटारी २६०० या जुन्या घरगुती गेमयंत्रावरच्या ‘ई.टी.’चं नाव हमखास पुढे येतं. हे छातीठोकपणे सांगणाऱ्या बहुतेकांनी तो गेम धड खेळलेला नसतो. व्हिडिओत कुणीतरी खड्ड्यात पडतं, वैतागून ओरडतं, वर येतं, पुन्हा पडतं. बघणारा तेवढ्यावर मत बनवून मोकळा. मी हा गेम अनेकांना शेजारी बसवून शिकवलाय. खड्ड्यांचं तंत्र एकदा हाताला बसलं की तोच माणूस पुढची फेरी स्वतःहून सुरू करतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तेव्हा मत काय बनवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी गेम संपवून दाखवा. कसा, ते पुढे आहे.

जमवाजमव

स्टेला हा फुकट मिळणारा एम्युलेटर, म्हणजे अटारीची नक्कल करून तिचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम, उतरवून घ्या. खरी कॅसेट आणि चालतं यंत्र असेल तर उत्तमच. गेमची एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्हीसाठीची, आवृत्ती घ्या. पाल आवृत्ती सेकंदाला ५० चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीसाठी असते.

कंट्रोलरबद्दल मात्र माझा हट्ट आहे. आजच्या गेमपॅडवरची अंगठ्याने फिरवायची गोल स्टिक वापरू नका. अटारीच्या जॉयस्टिकला फक्त चालू किंवा बंद कळायचं, आणि हा गेम त्याच हिशेबाने लिहिलाय. गोल स्टिक नकळत तिरकी होते आणि इथे तिरकं पाऊल म्हणजे खड्डा. गेमपॅडवरची अधिक चिन्हासारखी बटणं किंवा कीबोर्डचे बाण वापरा.

आधी पुस्तिका, मग गेम

ही पायरी लोक सर्रास गाळतात, म्हणून जरा थांबतो. १९८२ साली गेमच्या आत ‘शिकवणी’ नावाची सोय नव्हती आणि ठेवायला जागाही नव्हती. यंत्राची सगळी स्मृती १२८ बाइट. संगणकावर नेहमीच्या पद्धतीने साठवलेलं देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे त्या स्मृतीत जेमतेम ४२ चिन्हं मावतील. ऊर्जा किती उरली, फोनचे तुकडे कुठे आहेत, मागे कोण लागलंय, हे सगळं तेवढ्यातच ठेवायचं. खुद्द कॅसेटमध्ये प्रोग्रामसाठी ८ किलोबाइट. समजावून सांगण्याचं काम कागदावर गेलं ते त्यामुळे. पुस्तिकेचं स्कॅन इंटरनेटवर सहज मिळतं. ते न वाचता ‘काही कळतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही.

तरी थोडक्यात सांगतो. अंतराळातून आलेला ई.टी. पृथ्वीवर मागे राहिलाय. फोनचे तीन तुकडे शोधायचे, ते जोडून घरी फोन करायचा आणि यान येईल तेव्हा जंगलात हजर राहायचं. पडदे सहा: एक जंगल, एक वॉशिंग्टन शहर आणि चार खड्ड्यांचे. ऊर्जा ९९९९ पासून सुरू होते आणि चाललं, पडलं की कमी होत जाते. तुम्ही जिथे उभे असाल त्यानुसार पडद्याच्या वरच्या पट्टीत एक चिन्ह बदलत राहतं. जॉयस्टिकचं लाल बटण दाबलं की त्या जागेची करामत घडते. बाण दिसला तर त्या दिशेच्या पडद्यावर थेट उडी. प्रश्नचिन्ह दिसलं आणि त्या पडद्यावरच्या एखाद्या खड्ड्यात फोनचा तुकडा असला, तर तो क्षणभर चमकतो. हे प्रश्नचिन्ह ज्याला सापडलं त्याचा अर्धा गेम झाला. बाकीचे प्रत्येक खड्ड्यात उतरून बघत बसतात आणि मग गेमला शिव्या देतात.

सुरुवात तिसऱ्या प्रकारापासून

गेम तीन प्रकारांत खेळता येतो. सिलेक्टचं बटण, म्हणजे स्टेलात एफ१, दाबून तिसरा निवडा. त्यात फक्त एलियट हा मित्र असतो. फोनचे तुकडे हिसकावणारा एफबीआयचा माणूस नाही, ई.टी.ला उचलून वॉशिंग्टनला नेणारा शास्त्रज्ञ नाही. अवघडपणाची दोन्ही बटणं ‘बी’वर ठेवा. ‘पण खरा गेम तर पहिला प्रकार’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना म्हणावं, आधी रस्ता ओलांडायला शिकू द्या.

खड्डे

सगळी बदनामी इथली आहे, त्यामुळे घाई करू नका.

पहिल्यांदा आपण का पडतो ते नीट समजून घ्या. खड्डे वरून पाहिल्यासारखे काढलेत, ई.टी. मात्र बाजूने पाहिल्यासारखा. आपल्या डोळ्यांना वाटतं, पाय जमिनीवर आहेत ना, मग झालं. यंत्राला पायाबियाचं काही कळत नाही. अटारीच्या टीआयए नावाच्या चित्रचिपला एवढंच ठाऊक, की या आकृतीचा ठिपका पार्श्वभूमीच्या ठिपक्याला भिडला की नाही. आणि गेमने तेवढ्यावरच भागवलंय. ई.टी.च्या डोक्याचा एक ठिपका वरच्या खड्ड्याच्या कडेला टेकला, की तो गेलाच आत. पाय भले कोरड्या जमिनीवर असोत.

यातून चालण्याचा नियम निघतो. खड्ड्याच्या खालून जाताना डोक्यावर मोकळी जागा सोडा, वरून जाताना पायाखाली, आणि बाजूने जाताना संपूर्ण शरीराचा अंदाज घ्या. ई.टी. हा एक आयत आहे असं धरून चाला. तिरकं चालू नका. आधी आडवं, थांबा, मग उभं. हे कंटाळवाणं वाटतं, पण सवय झाली की हात आपोआप करतो. वाट अरुंद असेल तर बाण असलेली जागा शोधून उडी मारा. सगळे खड्डे पायी ओलांडायची सक्ती कुणी केलेली नाही.

दुसरा सापळा पडदा बदलताना. एका पडद्याच्या कडेवरून दुसऱ्यावर जाता आणि पलीकडे नेमका खड्डा असतो. इथे लोक जॉयस्टिक दाबूनच ठेवतात. पडदा बदलला की हात सोडा. आपण कुठे उभे आहोत ते बघा, मग पुढचं पाऊल. पडद्याच्या कोणत्या कडेवरून गेल्यावर पलीकडे काय लागतं, हे एका कागदावर काढून ठेवा. सहाही पडदे मिळून एका ठोकळ्याच्या सहा बाजू आहेत, म्हणून नकाशा सपाट कागदावर बसत नाही आणि सुरुवातीला डोकं फिरतं. खड्ड्यांची नक्षी मात्र प्रत्येक पडद्यावर वेगळी असते. ती ओळखीची झाली की नकाशाची गरज उरत नाही.

आणि आता बाहेर येणं. नवखा माणूस याच जागी जॉयस्टिक आपटतो. बटण दाबलं की ई.टी.ची मान लांब होते. मग जॉयस्टिक वर केली की तो तरंगत वर सरकतो. इथवर कुणालाही जमतं. वर पोहोचल्यावर दृश्य बदलून पुन्हा जमीन दिसते, आणि ई.टी. तेव्हा खड्ड्याला चिकटूनच असतो. तुमचा हात अजून ‘वर’ दाबतोय. खड्डा वरच्या बाजूला असेल तर तुम्ही त्याला पुन्हा आत ढकलता. मग तेच पडणं, तेच तरंगणं, तीच चूक. गेमने छळलं असं वाटतं, पण ढकलणारा हात तुमचाच असतो.

उपाय सोपा आहे, बोटांना तो पटवणं अवघड. दृश्य बदलल्याक्षणी जॉयस्टिक सोडून द्या. पूर्ण सोडा, सैल नव्हे. बघा, की ई.टी. खड्ड्याच्या कोणत्या काठाजवळ आहे. त्या काठाकडे, सरळ रेषेत, खड्ड्यापासून दूर असा एकच छोटा धक्का द्या. डावीकडे असेल तर डावीकडे, खाली असेल तर खाली. अर्धवट तिरकं काही नाही. सरावासाठी प्रश्नचिन्हाची, खाऊच्या गोळ्यांची, कशाचीही पर्वा न करता मुद्दाम एका खड्ड्यात उडी घ्या आणि बाहेर या. परत घ्या, परत या. ऊर्जा संपली तरी बिघडत नाही, सराव फेरी आहे. ‘सोड, बघ, ढकल’ असं तोंडाने म्हणत करा. हसू नका, उपयोग होतो.

इंटरनेटवर एक सल्ला सतत फिरतो: दुरुस्त केलेली आवृत्ती खेळा. हौशी प्रोग्रामरांनी मूळ कोड उकलून, ई.टी.चे पाय खड्ड्यात गेले तरच तो पडेल अशी सोय केली आहे. काम सुरेख आहे. पण पारखायला बसलात तर ती आवृत्ती नंतर खेळा. दुरुस्तीच आधी खेळलात, तर मूळ गेमचा दोष केवढा होता हे कसं कळणार? मूळ गेम संपवून मग दुरुस्त खेळणाऱ्याला मात्र मोठी मौज कळते: थोडाच कोड बदलला, आणि चाळीस वर्षांची बदनामी जवळजवळ उडून जाते.

पहिली फेरी संपवा

पडद्यांवर विखुरलेल्या खाऊच्या गोळ्या वेचा. नऊ झाल्या की एलियटला बोलवा, तो फोनचा एक तुकडा आणून देतो. तेवढं एक उतरणं वाचलं. खड्ड्यात कोमेजलेलं फूल दिसलं तर त्याला फुलवा, जास्तीचं आयुष्य मिळतं. तिन्ही तुकडे झाले की फोन करा, वर घड्याळ सुरू होतं, जंगल गाठा. यान येतं. झालं. मग पहिल्या प्रकाराकडे वळा आणि एफबीआयवाल्याशी पळापळीचा खेळ खेळा.

मत बनवताना

आता इतिहास वाचा, आधी नाही. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना हा गेम करायला १९८२ च्या उन्हाळ्यात सुमारे पाच आठवडे मिळाले, कारण नाताळच्या बाजारात तो हवाच होता. याआधी त्यांनी ‘यार्स रिव्हेंज’ केला होता, तो महिनोन्‌महिने खपून. माल भरमसाट छापला गेला, लाखो कॅसेट्स पडून राहिल्या, आणि १९८३ मध्ये अटारीने आपला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला. २०१४ मध्ये तिथे खोदलं तेव्हा ‘ई.टी.’ सापडलाच, पण ‘सेंटिपीड’सारखे गाजलेले गेमही निघाले. म्हणजे पुरला गेला तो नावडता गेम नव्हे, न खपलेला साठा. १९८३ मध्ये अटारीला ५३ कोटी ६० लाख डॉलरचा तोटा झाला. एवढं भगदाड एका कॅसेटने पडत नाही. बाजारात वाटेल त्या कंपन्यांच्या वाटेल तशा गेमचा पूर आला होता आणि दुकानदारांचा विश्वास उडाला होता. तेव्हा ‘या गेमने उद्योग बुडवला’ हे वाक्य तुमच्या परीक्षणात आलं तर खोडा.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक इशारा. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे आलं ते बहुतेक निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होती. त्या मूळ यंत्राची स्मृती २ किलोबाइट, म्हणजे अटारीच्या सोळा पट. मारिओ डोक्यात ठेवून ‘ई.टी.’ पाहिलात तर तो हरणारच. त्याला ताडून बघायचं तर त्याच यंत्रावरच्या गेमशी.

माझं मत विचाराल तर ‘ई.टी.’ मधल्या फळीतला गेम आहे. त्यात बंदूक नाही, दर फेरीला तुकड्यांच्या जागा बदलतात, मारण्याऐवजी शोधायचं आणि निसटायचं असतं. १९८२ च्या घरगुती यंत्रावर ही हिंमत होती. ठिपक्यांच्या टकरीचा दोष मात्र खरा आणि गंभीर आहे. मुदतीमुळे तो राहिला, हे कारण झालं, माफी नव्हे.

यानंतर हीच पद्धत १९८२ च्याच अटारीवरच्या ‘पॅक-मॅन’ला लावून पाहा. तिथे भुतं लुकलुकतात, कारण ती आळीपाळीने काढली जातात. स्टेलात फॉस्फर नावाची सोय चालू करा, म्हणजे जुन्या काचेच्या टीव्हीसारखी चित्राची धग थोडी टिकते आणि लुकलुक बरीच निवते. तेवढा अन्याय दूर करून खेळा. मग लगेच त्याच यंत्रावरचा ‘मिस पॅक-मॅन’ लावा. ‘मिस पॅक-मॅन’ ८ किलोबाइटचा, ‘पॅक-मॅन’ ४ चा, हे मान्य. तरी चक्रव्यूह, आवाज, रंग, सगळ्यात फरक इतका आहे, की ‘यंत्रच तसं होतं’ ही सबब गळून पडते. ‘पॅक-मॅन’चा निकाल माझ्याकडे जुनाच, म्हणजे वाईटच, कायम आहे.