सोलापुरात फ्रिंज महोत्सव भरवायचा तर: मागाची शेड, सत्तर खुर्च्या, तीन दिवस

१९४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरात मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना तिथे पोचल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. फ्रिंजची, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या कडेला भरणाऱ्या खुल्या महोत्सवाची, सुरुवात तिथून. कोणी प्रयोग करायचा हे ठरवणारी निवड समिती तिथे आजही नाही. कॅनडात १९८२ साली एडमंटनला असा महोत्सव सुरू झाला. तिकडे रूढ झालेली रीत अशी, की जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या आणि तिकिटाचे पैसे कलाकारांना द्यायचे.

सोलापुरात सवय स्पर्धेची आहे. राज्य नाट्य असो की एकांकिका, परीक्षक बसतात, निकाल लागतो, चषक मिळतो. त्या स्पर्धांनी इथली हौशी रंगभूमी जिवंत ठेवली, हे खरंच आहे. पण फ्रिंजमध्ये परीक्षक आणला की नट त्याच्याकडे बघून नाटक करतात आणि ज्या धडपडीसाठी ही जागा उघडायची तीच घाबरून घरी बसते. म्हणून पहिला निर्णय असा घ्या: निवड नाही, बक्षीस नाही. संयोजकांनी जागा, दिवे आणि घड्याळ एवढंच सांभाळायचं. पुढचं सगळं या एका निर्णयावरून ठरतं.

तारीख

फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार, शनिवार, रविवार सगळ्यांत सोयीचा. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आणि तिची गड्डा नावाची जत्रा असते. त्या दिवसांत गाव दुसरीकडे वळत नाही, वळू नये. नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागते, म्हणजे नट, प्रकाशवाले, रंगभूषाकार सगळे तिकडे अडकलेले. फेब्रुवारीच्या मध्याला बारावीची परीक्षा येते आणि १९ तारखेला शिवजयंतीची मिरवणूक. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा असताना पत्र्याखाली प्रेक्षक बसवणं हा छळ आहे. तारीख पक्की करण्याआधी ती जागा कुठल्या मिरवणुकीच्या मार्गावर येते का, हे पोलीस ठाण्यात आणि गल्लीतल्या मंडळाकडे दोन्हीकडे विचारा. डीजेची गाडी शेडवरून गेली तर पंधरा मिनिटं एकही वाक्य ऐकू येणार नाही.

तयारीला चार महिने धरा. संहितेमुळे एवढा वेळ लागतो. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि मंडळ ते संहिता वाचून देतं. स्पर्धेतून आलेल्या संघांकडे ते असतं. तालमीतून घडवलेल्या, कागदावर नसलेल्या प्रयोगांची अडचण होते. अशा संघाला पहिल्याच दिवशी सांगा, की तालमीचं रेकॉर्डिंग करून त्यावरून संहिता उतरवून काढा आणि लगेच पाठवा. दुसऱ्याचं नाटक करणाऱ्याकडून लेखकाचं परवानगीपत्र घ्या. तयार रेकॉर्डिंगमधलं संगीत वाजणार असेल तर त्याचा परवाना वेगळा लागतो. ही तिन्ही कागदपत्रं महिनाभर आधी हातात नसतील तर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या संघाला द्या. इथे मन मोडवत नाही, पण ऐन वेळी प्रयोग थांबला तर जास्त मोडतं.

जागा

हुतात्मा स्मृती मंदिर किंवा डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह मोठ्या प्रयोगांसाठी आहेत. तिथे सत्तर प्रेक्षक बसले तर नटाला रिकाम्या खुर्च्याच दिसतात. फ्रिंजला सत्तर माणसांनी भरून जाणारी जागा हवी. बंद पडलेल्या किंवा काही दिवस रिकाम्या मिळणाऱ्या यंत्रमागाच्या शेड, शाळेचा हॉल, वाड्याचा चौक, वाचनालयाची खोली, सगळं चालतं. मंगल कार्यालय घ्यायचं असेल तर आधी मुहूर्त बघा. दोन जागा घ्या, आणि त्या एकमेकींपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर असू द्या.

मागाच्या शेडचे फायदे मोठे आहेत: उंची, मोकळी जमीन, थ्री-फेज वीज. तोटे तिथे गेल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून पाहणी दोनदा करा, एकदा दुपारी तीनला आणि एकदा प्रयोगाच्या वेळेला. संध्याकाळी शेजारच्या शेडमधले माग चालू असतील तर त्यांचा खडखडाट भिंतीतून येतो, त्याला कसलाही पडदा अडवत नाही. शेजारच्या कारखानदाराची सुट्टी कधी, दुसरी पाळी किती वाजता, हे विचारून मगच त्या शेडचा विचार करा. मागवाल्याला तीन संध्याकाळ पाळी बंद ठेवायला सांगू नका. कामगाराची मजुरी नगावर असते, ती बुडते.

साफसफाईला दोन पूर्ण दिवस द्या. तुळयांवर आणि वायरींवर कापसाचं तूस वर्षानुवर्षं साचलेलं असतं. तापलेल्या दिव्यावर ते पडलं तर पेटतं, म्हणून वरून खाली, व्हॅक्यूमने, आधी तुळया आणि मग जमीन. फरशीत मागाचं तेल मुरलेलं असतं. नुसतं पुसलं तर ते पसरतं आणि नाचणारा पहिल्याच गिरकीला घसरतो. लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा, मग साबणाच्या गरम पाण्याने घासा. एवढं करूनही पाय सरकत असेल तर खेळायच्या जागेवर प्लायवूड टाका, सतरंजी टाकू नका. ती पायाखाली गोळा होते.

पत्रा आणि उघड्या भिंती यांच्यात आवाज घुमतो, शब्दांचे शेवट विरतात. यावरचा उपाय गावातच विणला जातो. साधारण पाच फूट बाय साडेसात फुटांच्या सोलापुरी चादरी उभ्या टांगा, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून आणि चुण्या घालून. भिंतीला चिकटवलेली सपाट चादर आवाज फारसा पीत नाही. पाठीमागची हवा आणि चुण्या यांच्यामुळेच फरक पडतो. तीस फुटांच्या भिंतीला दीडपट कापड धरून नऊ चादरी लागतात. प्रेक्षकांच्या मागची भिंत आधी झाका, कारण तिथून परतणारा आवाज सगळ्यांत जास्त त्रास देतो. चादर सुती आहे, तेव्हा कुठलाही हॅलोजन तिच्यापासून किमान चार फूट लांब.

बसायची व्यवस्था तीस बाय पन्नास फुटांत अशी बसते. मागे सहा फूट विंग आणि कपडे बदलायला, पुढे चोवीस बाय सोळाची खेळायची जागा, चार फूट मोकळं. मग सतरंजीवर दोन रांगा मिळून बावीस माणसं, त्यामागे बुटक्या बाकांवर बारा, खुर्च्यांच्या दोन रांगांत चोवीस आणि शेवटची बारा खुर्च्यांची रांग एक फूट उंच लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर. एकूण सत्तर. आठ बाय चारच्या तीन लेव्हल पुरतात. मागच्या कडेला पट्टी ठोका, नाहीतर खुर्चीचा पाय घसरून माणूस मागे पडतो. सगळ्या खुर्च्या एकाच पातळीवर मांडल्या तर तिसऱ्या रांगेपासून पुढे जमिनीवर बसलेला नट दिसत नाही, आणि या प्रकारच्या नाटकात नट जमिनीवर फार बसतात. दोन्ही बाजूंना किमान तीन फुटांची वाट आणि बाहेर पडायला दोन दारं हवीत. दुसरं दार नसलेली शेड कितीही देखणी असली तरी सोडून द्या.

आणखी एक सोलापूरची गोष्ट: पाणी. गावात नळाला रोज पाणी येत नाही. दोन संध्याकाळ सहा-सहा प्रयोग, प्रत्येकाला सत्तर माणसं, स्वच्छतागृह एक. पाण्याचा वार बघून टाकी भरा आणि एक टँकर आधीच सांगून ठेवा. बायकांसाठी वेगळं आणि कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर निम्मा प्रेक्षक परत येणार नाही.

वीज आणि दिवे

एक हजार वॅटचा, रंगमंचावर वापरतात तो जुना पार दिवा २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर ओढतो. सोळा अँपिअरच्या सॉकेटवर तीन चालतात, चौथ्याला एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो, आणि तो नेमका प्रसंग रंगात आल्यावर पडतो. एलईडी पार सुमारे दीडशे वॅटचा असतो. असे दहा लावले तरी साडेसहा अँपिअरच्या आसपास. शिवाय ते तापत नाहीत, शेडमधल्या तुसाला तेच बरे. प्रत्येक जागेत दहा एलईडी पार, चेहऱ्यासाठी समोरून चार पांढरे स्पॉट, एवढ्यात आठ संघांचं भागतं. थ्री-फेज जोडणीत ध्वनीचं सगळं सामान एकाच फेजवर आणि एकाच पॉइंटवरून घ्या, दिवे दुसऱ्या फेजवर. सरमिसळ केली की स्पीकरमधून गुणगुण सुरू होते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. दोन फेजच्या मध्ये चारशे व्होल्ट असतात, तिथे उत्साही कार्यकर्ता नको.

दिवे एकदा लावले की तीन दिवस हलवायचे नाहीत. प्रत्येक संघाला फक्त दोन जादा दिवे स्वतःच्या मर्जीने लावता येतील. हा नियम अर्जावरच छापा, तोंडी सांगितलेला कोणी मानत नाही.

वेळापत्रक

पहिल्या जागेत चार, सहा, आठ वाजता प्रयोग. दुसरीत पाच, सात, नऊ वाजता. प्रयोग जास्तीत जास्त पंचेचाळीस मिनिटांचा. म्हणजे चारचा प्रयोग पावणेपाचला सुटतो, प्रेक्षक चहा घेऊन चालत पाचच्या प्रयोगाला पोचतो, आणि ज्याला हौस आहे तो एका संध्याकाळी सहा प्रयोग पाहतो. नऊचा प्रयोग पावणेदहाला संपतो. हे महत्त्वाचं, कारण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही आणि पत्र्याची शेड आवाज अडवत नाही.

शुक्रवारी प्रत्येक जागेत शेवटचे दोनच प्रयोग, शनिवारी-रविवारी तीन-तीन. एकूण सोळा. आठ संघ, प्रत्येकाचे दोन प्रयोग, त्याच जागेत पण वेगळ्या दिवशी. दुसरा प्रयोग हवाच. पहिल्या प्रयोगाला घरचे आणि मित्र येतात, दुसऱ्याला पहिला ऐकून आलेले अनोळखी लोक. नाटक कसं झालंय हे दुसऱ्या दिवशी कळतं.

प्रत्येक संघाला दोन तास टेक्निकल तालीम द्या, प्रत्येक जागेत दोन संघांची गुरुवारी, दोघांची शुक्रवारी दुपारी. त्यात पूर्ण नाटक खेळायचं नाही, फक्त प्रकाश आणि ध्वनीचे क्यू, म्हणजे काय कधी बदलायचं त्याचे इशारे. पूर्ण नाटक खेळायला लागलेला संघ पहिल्या प्रवेशातच दोन तास घालवतो आणि शेवटचा काळोख कोणी पाहिलेलाच नसतो.

चिठ्ठ्या

आठपैकी चार जागा सोलापूर शहर-जिल्ह्यासाठी, म्हणजे पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा सगळे. दोन बाहेरगावच्या संघांना. दोन मात्र मराठीखेरीज इतर भाषांना राखून ठेवा आणि त्यावर तडजोड करू नका. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या पट्ट्यात कन्नड, शहरात उर्दू आणि दखनी. सोलापूरच्या महोत्सवात या भाषा नसतील तर तो अर्ध्या गावाचा महोत्सव. अर्जात ‘नाटक’ एवढाच शब्द ठेवू नका. बुर्रकथा सांगणारा, गोंधळी, कठपुतळीवाला, एकट्याने नाचणारा किंवा शाहीर, यांना आपल्याला बोलावलंय हे कळायला हवं. तिन्ही गटांच्या चिठ्ठ्या सगळ्या अर्जदारांसमोर, एखाद्या लहान मुलाच्या हातून काढा. उरलेल्याही त्याच क्रमाने काढून प्रतीक्षा यादी तिथेच वाचून दाखवा.

पैसे आणि प्रेक्षक

संघाकडून दोन हजार रुपये नोंदणी घ्या, त्यातले हजार अनामत. वेळ पाळली की परत. तिकीट शंभर रुपये, ते संपूर्ण संघाचं. सत्तर टक्के जागा गेल्या तर एका प्रयोगाला एकोणपन्नास तिकिटं, दोन प्रयोगांचे ९,८०० रुपये. प्रवासखर्च निघतो, क्वचित वरही उरतो. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. भाडं, मंडप, दिवे यांचा खर्च देणगीतून आणि बाहेरच्या खाण्याच्या स्टॉलमधून काढा. तिकिटाला हात लावू नका. फुकट पास वाटू नका. पासवाले येत नाहीत, जागा मात्र अडवून ठेवतात. आरक्षण केलेली व्यक्ती तिसऱ्या घंटेपर्यंत आली नाही तर जागा दारातल्या माणसाला.

घंटा पंधरा, पाच आणि एक मिनिट आधी. तिसरीनंतर दार बंद, मग कोणीही असो. शेडमध्ये आत येणारी वाट बहुतेक वेळा खेळायच्या जागेशेजारूनच जाते, एका माणसामुळे सगळ्यांचं लक्ष उडतं. उद्घाटनाची भाषणं दीप लावण्यासकट दहा मिनिटांत उरका, पाहुण्यांना तसं आधीच सांगा.

पत्रक मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चार भाषांत काढा, आणि प्रत्येक प्रयोगापुढे भाषा, मिनिटं, लहान मुलांना चालेल का आणि शब्दांविना कळेल का, एवढं लिहा. गोषवारा दोन ओळींच्या वर नको. पत्रक चहाच्या टपरीवर, महाविद्यालयांत आणि पाळी सुटताना कारखान्याच्या दारात वाटा.

पोलीस ठाणं, महापालिकेचा अग्निशमन विभाग आणि जागामालक यांचे लेखी कागद एका फायलीत घालून ती फाईल दारावरच्या माणसाकडे ठेवा, संयोजकाच्या घरी नको. प्रत्येक जागेत दोन अग्निशामक आणि वाळूच्या चार बादल्या.

रविवारी शेवटचा प्रयोग सुटल्यावर आधी हिशेब. प्रत्येक संघाला विकलेल्या तिकिटांचा आकडा लेखी द्या आणि रक्कम त्याच रात्री यूपीआयने पाठवा. मग चादरी उतरवून झटका, मोजा, ज्याच्याकडून आणल्या त्याच्या नावाच्या गठ्ठ्यात बांधा. शेड सोमवारी पहिल्या पाळीच्या आधी मालकाच्या ताब्यात गेली पाहिजे, झाडून, आणि घेताना होती त्याहून स्वच्छ.