राहणं-जेवण फुकट, पण लिहायचं कधी?

एकट्यानं फिरत, मिळेल ते काम करत लिहायचं ठरवलं असेल, तर सगळ्यात आधी ‘राहणं-जेवण आमचं, काम तुमचं’ ही बोली नीट समजून घ्या. 1971मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ‘वूफ’ (WWOOF) या सेंद्रिय शेतांवर स्वयंसेवक पाठवणाऱ्या चळवळीमुळे शेतांवर ही पद्धत रुळली, आता हॉस्टेलंही तेच करतात. दिवसाला चार ते सहा तास, आठवड्याला पाच दिवस, असा साधारण रिवाज. पण नुसत्या तोंडी बोलण्यावर गेलात तर तास वाढत जातात. ‘जरा एवढं आवरून जा’ याला नाही म्हणणं जड जातं, कारण छप्पर त्याच माणसाचं. काम सुटलं की खोलीही त्याच दिवशी सुटते.

म्हणून निघण्याआधी लेखी विचारा: तास किती, सुट्टी कोणत्या वारी, सुट्टीच्या दिवशी जेवण मिळतं का, खोलीला आतून कडी आहे का, टेबल आहे का. मग तशा खोलीचा आणि जेवणाचा आठवड्याचा खर्च काढून त्याला तासांनी भागा. येणारा आकडा तिथल्या किमान वेतनाच्या आसपासही नसेल तर सोडून द्या. परतीचं भाडं आणि दहा दिवसांच्या मुक्कामाचे पैसे वेगळे ठेवा, कशासाठीही त्यांना हात लावू नका.

पैसे हातात आले नाहीत म्हणजे ते काम नव्हे, ही समजूत तर फारच महागात पडते. न्यूझीलंडसह अनेक देशांत राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात केलेलं कामही कामच धरतात, आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. ‘मी स्वयंसेवक आहे’ म्हणून सुटका होत नाही. ‘नुसतं निघा, सगळं जमतं’ असं सांगून शिकवणीचे पैसे घेणाऱ्यांपेक्षा, गेल्या महिन्यात त्याच जागी राबून आलेल्या माणसाला विचारा.

घाबरू नका, नीट निवडलेली कामं लिहिण्याला पोसतात. फळतोडणीचे पैसे बहुधा तोडलेल्या मालावर मिळतात. पहिला आठवडा हात बसण्यातच जातो आणि पावसात तोडणी थांबली की कमाईही थांबते. भांडी घासताना रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घाला, नाहीतर बोटांना भेगा पडून पेन धरवत नाही. हॉस्टेलच्या रिसेप्शन डेस्कवर रात्रपाळीला निवांतपणा मिळतो. लिहायचं ते पहाटेआधी उरका, नंतर डोकं चालत नाही. अंगमेहनत असेल तर मात्र कामावर जाण्यापूर्वीचा तासभर राखा. संध्याकाळी लिहीन म्हणणारा माणूस जेवून झोपतो.

संध्याकाळसाठी फक्त टिपणं. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल ठेवा, ओल्या हातांनी जेल पेनची शाई पसरते. वर तारीख आणि जागा, खाली अवजारांची नावं, सोबत्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. बोलणं त्याच दिवशी उतरवा. दोन दिवसांनी त्यांच्या तोंडी तुमचीच भाषा येऊ लागते. दर सुट्टीला पानांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा, वही भिजायला एक सर पुरते.