चक्रीवादळ बाजूने जाणार असले तरी घराची तयारी कशी करावी (गोव्यासाठी)

अरबी समुद्रातली चक्रीवादळे बहुतेक वेळा गोव्याला बगल देऊन पुढे सरकतात, आणि तिथेच लोक गाफील राहतात. १६ मे २०२१ ला तौक्ते असेच बाजूने गेले, गुजरातला जाऊन धडकले. तरी इथे झाडे तारांवर पडली आणि काही गावे दिवसच्या दिवस विजेविना राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये दूरवरच्या ओखीने पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी घातले.

वादळ नैऋत्येला असताना वारा आग्नेयेकडून येतो, समोर आले की दक्षिणेकडून आणि पुढे गेले की नैऋत्येकडून. त्यामुळे फक्त समुद्राकडची बाजू बांधून भागत नाही.

सगळ्यात आधी पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) बोलवा. इशारा आल्यावर तो मिळणे कठीण, म्हणून एप्रिलअखेरच माडावरची सुकी झावळे, पोयी (फुलोऱ्याची सुकी आवरणे) आणि तयार नारळ उतरवून घ्या. माड वाऱ्यात लवचिक असतो, नुकसान वरून सुटलेल्या गोष्टी करतात. आंबा-फणसाचे तसे नाही: जांभ्या दगडावर माती कमी, मुळे उथळ, त्यात पावसाने माती भिजली की झाड मुळासकट येते. आतल्या फांद्या विरळ करा. शेंडा छाटू नका, तिथे फुटणारे धुमारे कमकुवत असतात आणि पुढच्या वर्षी तेच मोडतात. तारांजवळची फांदी मात्र वीज खात्यालाच सांगून काढायची.

मंगलोरी कौल रिपेवर नुसते अडकलेले असते. वारा छपराला खाली दाबत नाही, वर उचलतो, आणि सुरुवात कडेची ओळ व आढ्यावरच्या कौलांपासून होते. कौलाच्या पाठीला तारेसाठी भोक असते. पागोळीकडच्या दोन-तीन ओळी तरी गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधा. आढ्यावरचा चुना-सिमेंट सुटला असेल तर शाकारणीतच भरून घ्या. मे महिन्यात अर्धे छप्पर उघडे टाकून कामगार गावी गेले, तर आधी ते झाका. पत्र्याचे हुक नळीच्या माथ्यावरच असावेत. खोलगट भागात मारले तर गळते. गंजलेला वॉशर बदला.

गच्चीवरची टाकी भरून ठेवा. हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची असते, रिकामी सहज उडते. शिवाय वीज गेली की विहिरीचा पंप बंद, मग त्याच पाण्यावर घर चालते. पिण्यासाठी माणशी रोज चार लिटर, किमान तीन दिवसांचे, वेगळे काढा. पुरुमेताचे (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले) सामान जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवलेले बरे.

वारा वाढला की खिडक्या बंदच ठेवा. ‘एक उघडी ठेवली की दाब निघून जातो’ हे खरे नाही. आत शिरलेला वारा छप्पर खालून ढकलतो. जनरेटर पडवीतही नको, त्याचा धूर जीव घेतो.

तार तुटून पडली असेल तर दहा मीटर लांब राहा, ओल्या जमिनीवर तर आणखी. ती मेलेली दिसली तरी शेजाऱ्याच्या जनरेटरमुळे उलटा करंट येऊ शकतो. ११२ किंवा १०७७ ला कळवा.