मेणवलीच्या घाटावरून: आपल्या चित्रकामाचा संदर्भ संशोधनातून कसा शोधावा

महाराष्ट्रात जलरंग शिकलेल्या बहुतेक चित्रकारांकडे वाई, वाईजवळची मेणवली किंवा नाशिकच्या घाटाचे निदान एक तरी चित्र असते. हात तयार झालेला असतो, चित्रे प्रदर्शनांत लागतात. परंतु हाच विषय आपण पुन्हा पुन्हा का घेतो आणि आपल्या आधी तो कोणी कसा हाताळला, असे कोणी विचारले की उत्तर सुचत नाही. अशा चित्रकाराने संशोधनाला कसे लागावे, हे मी मेणवलीच्या घाटाच्या आधारे सांगतो, कारण त्या पायऱ्यांवर मी स्वतः बरीच वर्षे चित्रे काढली आहेत.

सुरुवात ग्रंथालयापासून करू नये. गेल्या दोन-तीन वर्षांतील चित्रे तारखेच्या क्रमाने जमिनीवर मांडावीत आणि दोन याद्या कराव्यात: चित्रांत वारंवार काय येते आणि एकदाही काय येत नाही. दुसरी यादी करायला वेळ लागतो, पण खरे काम तिथेच सुरू होते. माझ्या घाटाच्या चित्रांत प्लास्टिकची बादली, मोटारसायकल आणि विजेची तार कधीच आलेली नव्हती. माणसे होती, पण सगळी पाठमोरी. माझा घाट जणू पेशवाईतच थांबला होता आणि तसा निर्णय मी जाणीवपूर्वक कधी घेतलेला नव्हता.

या यादीतून एकच प्रश्न निवडावा आणि तो अरुंद ठेवावा. ‘परंपरा आणि आधुनिकता’ यासारखा विषय घेतला तर वर्षभर वाचूनही चित्रात काहीच बदलत नाही. ‘मेणवलीच्या घाटावर आज येणारी माणसे माझ्या चित्रात चेहऱ्यानिशी का येत नाहीत?’ हा प्रश्न मात्र कुठे जायचे आणि काय पाहायचे हे लगेच सांगतो.

आधी जागा समजून घ्यावी. मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या 1739च्या वसई मोहिमेनंतर आलेली, मुळात पोर्तुगीज चर्चमधली आहे. म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल जुना घाट’ समजून रंगवतो, तोही निरनिराळ्या काळांतून जमत आलेला आहे. नदीच्या वरच्या अंगाला धोम धरण असल्यामुळे पायऱ्यांवर पाणी किती चढते हे आता केवळ पावसावर ठरत नाही. 1885 सालच्या सातारा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी जिल्हा-माहितीग्रंथात, वाईचे घाट आणि मंदिरे यांचे वर्णन आहे, ते वाचून आजच्या स्थितीशी ताडून पाहावे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद मोडी लिपीत असल्यामुळे तिथे जाणकाराची मदत घ्यावी लागते. मात्र कागदांपेक्षा अधिक वेळ घाटावर काढावा. कुंचला न उचलता सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास नुसते बसावे. धुणे धुणाऱ्या बायकांशी बोलावे, परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करू नये आणि त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत टिपून ठेवावेत.

त्यानंतर आपल्या आधीच्या चित्रकारांकडे वळावे. 1857 साली सुरू झालेले मुंबईचे जे. जे. कला विद्यालय आणि 1888 साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी यांच्या भोवती पाश्चात्त्य धर्तीचे निसर्गचित्रण इथे रुजले. आपली बैठक, चौकट आणि छायाप्रकाश यांचा बराचसा भाग तिथूनच आलेला आहे. जे. जे.त शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात कोटितीर्थ आणि रंकाळा यांसारखी जवळची ठिकाणे पुन्हा पुन्हा रंगवली. सावळाराम हळदणकरांनी हातात दिवा धरलेल्या स्त्रीचा उजळलेला चेहरा जलरंगातच साकारला. ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. जलरंगात चेहरा नीट येत नाही, ही माझी सबब त्या चित्रापुढे टिकली नाही. शक्य तेथे मूळ चित्रच पाहावे, कारण फोनच्या पडद्यावर आकार, कागदाचा पोत आणि पांढरी सोडलेली जागा कळत नाही. पाहिलेल्या प्रत्येक चित्राची पोस्टकार्डाएवढी नक्कल करावी. निर्णय कुठे घेतला गेला हे डोळ्यांआधी हाताला समजते. शिवाय आपल्यापेक्षा अगदी वेगळे काम करणारा एक समकालीन चित्रकारही अभ्यासावा. ठाणे-मुंबईतली सामान्य माणसे आणि वाढते शहर अनेक दशके रंगवणारे सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांसमोर उभे राहून, आपण जे वगळतो त्यातले काय यांनी ठेवले आहे, हे लिहून काढावे.

रंग आणि कागद या आपल्या साहित्यालाही प्रश्न विचारावेत. घाटाच्या काळ्या बेसाल्टच्या दगडासाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करडा रंग करायचा, ही आपल्याकडची सवय आहे. ओला आणि कोरडा दगड शेजारी ठेवून, नेहमीच्याच कागदावर रंगपट्ट्या करून पाहिल्या, की ती सवय कुठे खरी ठरते आणि कुठे नाही ते दिसते. पट्टीखाली वेळ, रंगाचे नाव आणि कागदाचे वजन नोंदवावे. नोंद नसलेला प्रयोग पुढच्या महिन्यात उपयोगी पडत नाही.

एवढे झाल्यावर नवी मालिका एका अटीवर सुरू करावी. वर्षभर, महिन्यातून एकदा, त्याच पायरीवर बसून जे समोर असेल ते रंगवायचे आणि काहीही वगळायचे नाही, ही अट मी स्वतःला घातली. पहिली चार चित्रे बिघडली, कारण बादलीचा निळा रंग सगळी चौकट खात होता. मग पाण्याचा आणि सावल्यांचा रंगच बदलावा लागला आणि तिथून चित्रे वेगळी होऊ लागली.

प्रदर्शनात चित्रांसोबत लावायचे आपले निवेदन सर्वांत शेवटी लिहावे, दोनशे शब्दांपेक्षा मोठे करू नये आणि त्यातले जे वाक्य दुसऱ्या कोणाच्याही चित्राखाली शोभेल ते काढून टाकावे. प्रदर्शनाच्या आधी ती चित्रे घाटावर नेऊन तिथल्या माणसांना दाखवावीत. त्यांनी ‘हे असं नसतं’ म्हणून जिथे बोट ठेवले, ती जागा तारखेसह वहीत नोंदवावी आणि पुढच्या महिन्याचे चित्र तिथून सुरू करावे.